थकवा, गोळ्यांच्या बाटल्या आणि आईचा वारसा

प्रश्न : माझं वय ५९. प्राथमिक शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. वजन ५२ किलो, म्हणजे जाड मी कधीच नव्हते. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. गेले काही महिने तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढताना मध्येच थांबावं लागतं, दुपारी अंग गळून जातं. अमेरिकेतल्या लेकीनं एनएमएन आणि कोएन्झाइम क्यू-टेन या पूरक गोळ्यांच्या बाटल्या पाठवल्यात. ती म्हणते, "आई, तुझे मायटोकॉन्ड्रिया थकलेत." मी वाचलं की मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. माझी आई ६४व्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर खाटेवरून उठलीच नाही आणि त्यातच गेली. मग माझंही तसंच व्हायचं का? शेजारच्या वहिनी म्हणतात, या वयात मेटाबॉलिझम मंदावतो, काही करून उपयोग नाही. मी एकादशी आणि गुरुवार धरते. उपासानं पेशी स्वच्छ होतात असंही ऐकलंय. गोळ्या सुरू करू का?
— एक निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर :

ताई,

तुमचा प्रश्न गोळ्यांचा आहे, पण मी सुरुवात जिन्यापासून करते, कारण तिथे वेळ घालवून चालणार नाही. साठीजवळचं वय, आठ वर्षांचा मधुमेह, आणि जो जिना इतकी वर्षं सहज चढत होतात त्यावर आता थांबावं लागतं. अशा वेळी आधी हृदय तपासायचं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास पुष्कळदा छातीत न दुखताच सुरू होतो. नुसता दम लागतो, नुसतं गळून जायला होतं, आणि "वय झालं" म्हणून घरात कुणी त्याकडे बघत नाही. याच आठवड्यात फिजिशियनकडे जा, ईसीजी काढा, त्यांनी सांगितली तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. मध्ये कधी छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असं काही झालं, तर नंबर लावून बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

त्याच फेरीत रक्तही द्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम). यातल्या बी-१२वर माझा सगळ्यात जास्त संशय आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. आणि अंडंही न खाणाऱ्या घरात ते मिळतं फक्त दूध-दही-ताकातून. दोन्ही बाजूंनी गळती. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ अधूनमधून तपासावं असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे, तरी ही तपासणी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. साधं इंजेक्शन किंवा गोळी, तीही स्वस्त, आणि माणूस उगाच वर्षभर थकलेलं राहतं. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करायचं नाही. ते चालू ठेवूनच बी-१२ भरून काढता येतं.

आता लेकीचं म्हणणं. ती अगदीच चुकीचं बोलत नाहीये. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तुम्ही शाळेच्या पुस्तकात शिकलात त्या पेशींमधल्या तंतुकणिका. आपण खाल्लेलं अन्न आणि आत घेतलेला प्राणवायू यांच्यापासून त्या एटीपी नावाचा रेणू बनवतात, आणि पापणी हलवण्यापासून जिना चढण्यापर्यंत सगळं त्यावर चालतं. (१९२९ साली हा रेणू स्नायूंमध्ये शोधणाऱ्यांपैकी एक होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव, हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर, जर्मनीत कार्ल लोमान यांनी तो त्याच वर्षी वेगळा शोधला. सुब्बारावांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं, म्हणून संधी मिळाली की मी सांगते.) शरीर एटीपी साठवून ठेवत नाही, सतत नवा बनवतं. दिवसभरात बनून वापरल्या गेलेल्या एटीपीचं वजन केलं, तर ते जवळपास माणसाच्या स्वतःच्या वजनाइतकं भरतं.

या कामाला लोह लागतं, कारण एटीपी बनवणाऱ्या यंत्रणेच्या बऱ्याच भागांत लोहाचे अणू बसलेले असतात. बी-१२ लागतं, कारण तंतुकणिकांमधलं एक विकर (एन्झाइम) त्याच्याशिवाय चालत नाही. थायरॉइडचं संप्रेरक लागतं. म्हणजे तुमच्या तंतुकणिका खरोखरच अडलेल्या असतील, तर त्या कशापायी अडल्या याचं उत्तर आधी या रिपोर्टांमध्ये शोधायला हवं. ते न बघता परदेशी बाटली उघडणं मला पटत नाही.

आता तुमच्या आईबद्दल, कारण पत्रातला खरा जीव तिथे अडकलाय असं मला वाटलं. तंतुकणिकांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो आईकडूनच येतो, हे तुम्ही वाचलंत ते बरोबर. पण त्या डीएनएमध्ये जनुकं असतात फक्त ३७. तंतुकणिका उभी राहायला हजाराहून जास्त प्रथिनं लागतात आणि त्यातली १३ सोडली तर बाकी सगळ्यांचा आराखडा पेशीच्या केंद्रकात असतो, आई आणि वडील दोघांकडून आलेला. तंतुकणिकांचे आनुवंशिक आजार आहेत, गंभीरही आहेत, पण ते विरळ असतात आणि त्यांची लक्षणं वेगळी असतात. चौसष्टीपर्यंत चालती-फिरती असलेली बाई न्हाणीघरात पाय घसरून पडते, यात त्यांचा संबंध दिसत नाही.

आईंचं जे झालं ते खाटेनं केलं. हे मी हवेत बोलत नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर नुसतं झोपवून ठेवलं होतं. तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. मधल्या तीस वर्षांत झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली! आणि मग सहा महिने चालणं, हळू पळणं, सायकल असा नियमित व्यायाम दिल्यावर वयानं नेलेली ती क्षमता त्यांनी परत मिळवली. पाचच माणसं होती, सगळे पुरुष, हे मान्य. पण झोपून राहण्याचा फटका किती मोठा असतो, हे त्यानंतर पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. म्हणूनच आज खुबा मोडला तर लवकर ऑपरेशन करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करायची धडपड असते. तुमच्या आईंना ते मिळालं नसेल, आणि त्यात कुणाचा हलगर्जीपणाही नसेल. "हाड जुळेपर्यंत हलू नका" असंच तेव्हा घरोघरी सांगितलं जायचं.

आईकडून आलेली एक गोष्ट मात्र तुम्ही खरंच मनावर घ्या. आई किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल, तर मुलांचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. हाडं ठिसूळ होण्याचा धोका मोजताना डॉक्टर हा प्रश्न मुद्दाम विचारतात. तुमची पाळी जाऊन काही वर्षं झाली असणार, अंगकाठी बारीक आहे. तेव्हा फिजिशियनना आईंची हकीकत सांगा आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल विचारा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या, ओल्या फरशीवर न घसरणारी चटई टाका. लेकीला आईसाठी काही करायचंच असेल तर हे दोन खर्च तिला सांगा.

शेजारच्या वहिनींच्या मेटाबॉलिझमबद्दल थोडक्यात सांगते. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४००हून जास्त माणसांची मोजणी प्रसिद्ध झाली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजोबांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा रोजचा खर्च जवळपास सारखाच राहतो. रजोनिवृत्तीनंही त्यात वेगळी घसरण दिसली नाही. साठीनंतर तो उतरतो, पण वर्षाला एक टक्क्याहूनही कमी. मग चाळिशी-पन्नाशीत जे जाणवतं ते काय? त्यातलं पुष्कळसं स्नायू कमी होणं आणि हालचाल कमी होणं आहे.

"जाड नसूनही मधुमेह" हे कोडं आपल्याकडे घरोघरी आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली भारतीय ठेवण. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायू. तेच कमी असतील तर ५२ किलोच्या बाईलाही मधुमेह होतो. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नका. तुम्हाला वजन घटवायचं नाहीये, स्नायू वाढवायचेत.

आणि इथेच त्या गोळ्यांशी माझं भांडण आहे. एनएमएनवर तुमच्याच वयोगटातल्या बायकांवर झालेला एक नीट अभ्यास २०२१चा आहे. रजोनिवृत्ती झालेल्या, वजन जास्त असलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ जणी, दहा आठवडे. स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, ही खरंच लक्ष वेधणारी गोष्ट. पण रक्तातली साखर, वजन, रक्तदाब यांत फरक पडला नाही. तुम्ही त्या गटात बसतही नाही: तुम्हाला मधुमेह आहे आणि तुमचं वजन जास्त नाही. या गोळ्यांनी म्हातारपण लांबतं असा माणसांमधला पुरावा आजघडीला नाही. कोएन्झाइम क्यू-टेन शरीर स्वतः बनवतं. हृदय कमकुवत झालेल्या काही रुग्णांत त्याचा फायदा दिसलाय, पण नुसत्या थकव्यासाठी सरसकट घेण्याजोगं त्यात काही नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधाबरोबर ते घेताना सांभाळावं लागतं.

"नुकसान तर नाही ना?" असं लेक विचारेल. तिला २००९चा एक जर्मन अभ्यास सांगा. चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज भरपूर क आणि ई जीवनसत्त्व दिलं होतं, पेशींचं रक्षण होईल म्हणून. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, ज्यांनी घेतल्या त्यांचा सुधारला नाही. व्यायाम करताना स्नायूला बसणारा थोडासा ताण हाच "आणखी तंतुकणिका बनवा" असा निरोप असतो, आणि गोळ्यांनी तो निरोपच दाबून टाकला. पेरू, आवळा, लिंबू खुशाल खा. ढिगानं गोळ्या नकोत.

तंतुकणिका मागणीनुसार तयार होतात. हे १९६७ साली जॉन होलोझी यांनी उंदरांवर दाखवलं: काही आठवडे पळवलेल्या उंदरांच्या पायांच्या स्नायूंमध्ये प्राणवायू वापरून ऊर्जा बनवण्याची क्षमता दुप्पट झाली. माणसांत, आणि म्हाताऱ्या माणसांतही, हेच दिसतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटानं २०१७मध्ये बारा आठवड्यांचा जोरकस सायकल-व्यायाम तरुणांना आणि ६५ ते ८० वयाच्यांना दिला. स्नायूंमधल्या तंतुकणिकांची क्षमता तरुणांत ४९ टक्क्यांनी वाढली आणि वयस्करांत ६९ टक्क्यांनी. वयस्करांत जास्त! शेजारच्या वहिनींना हे जरूर वाचून दाखवा. त्याआधी १९९०मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या लोकांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तर पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. तुम्ही ५९च्या आहात, ताई.

डॉक्टरांनी हृदय ठीक आहे असं सांगितलं की सुरुवात अशी करा. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली, गच्चीत, बोळात, घरातल्या घरात, कुठेही. न्यूझीलंडमध्ये मधुमेह असलेल्या ४१ जणांवर बघितलं, की दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्या आज्या हे करतच होत्या. आपण मालिकेपुढे बसायला लागलो.

शतपावलीनं साखर सांभाळली जाईल, पण जिना चढायला ताकद लागते आणि ती वेगळी कमवावी लागते. भिंतीला टेकवलेली घट्ट लाकडी खुर्ची घ्या. हात न टेकता उठा, सावकाश बसा. पाचदा जमलं तर पाचदा, थोडं थांबून पुन्हा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. पंधरा-वीस दिवसांनी सोपं वाटायला लागेल, तेव्हा हातात एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या धरून तेच करा. सोपं वाटू लागलं की वाढवायचं, कारण शरीराला जमतंय तेवढ्यावरच थांबलात तर नवं काही बनायचं कारण त्याला उरत नाही. मेयोमधल्यासारखी जोरकस सायकल मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका. आणि तिसरा मजला शिक्षा समजू नका. दिवसातून एकदा तो मुद्दाम चढा, मधल्या मजल्यावर थांबत थांबत का होईना.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलते. सकाळी चहा-पोळी, दुपारी पातळ आमटी-भात, रात्री भाकरी-भाजी, असं असेल तर दिवसाला तीसेक ग्रॅम प्रथिनंही कशीबशी होत असतील. उतारवयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला पन्नास ते पासष्ट. क्रिएटिनिन ठीक आलं की दोन्ही जेवणांत भरलेली वाटीभर उसळ ठेवा, मटकी, मूग, चवळी, काहीही; एका वाटीत सात-आठ ग्रॅम मिळतात. मूठभर शेंगदाण्यांत तेवढीच, कपभर दुधात सहा-सात. पन्नास ग्रॅम पनीर घेतलंत तर नऊ. पिठलं पातळ न करता घट्ट करा. आमटीत डाळ दिसली पाहिजे, नुसतं पिवळं पाणी नको.

उपासाबद्दल तुमची श्रद्धा मी दुखावणार नाही. पण "उपासानं पेशी स्वच्छ होतात" हे ज्यावरून म्हणतात ते मूळ काम यीस्टवरचं आहे. पेशी स्वतःचे निकामी भाग मोडून वापरतात, ते कसं घडतं हे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी उलगडलं. २०१६चं नोबेल त्यासाठीच. यीस्टमधलं आणि उंदरांमधलं हे ज्ञान कराडच्या एकादशीला तसंच्या तसं लावता येत नाही, आणि साबुदाण्याच्या खिचडीला तर मुळीच नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. साखर झपकन वर नेतो आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. आठवड्यातला गुरुवार आणि महिन्यातल्या दोन एकादश्या मिळून महिन्याचे सहा-सात दिवस तुमच्या स्नायूंना काहीच मिळत नाही. उपास धरायचाच तर राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, पनीर, दूध यांवर धरा. आणि मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहूच नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, आणि पडणं तुम्हाला परवडणारं नाही.

लेकीला कसं सांगायचं? तिला टाळू नका आणि बाटल्या गुपचूप कपाटातही ढकलू नका. ती लांबून काळजी करतेय आणि तिच्या हातात एवढंच आहे. दोन्ही बाटल्या फिजिशियनकडे घेऊन जा, त्यांना दाखवा, आणि ते काय म्हणाले ते तिला त्याच दिवशी फोनवर सांगा. रात्रीच्या शतपावलीला तिकडे सकाळ असेल. रोजचा फोन तेव्हाच लावा आणि बोलत बोलत चाला, म्हणजे तिलाही तुमचा दम ऐकू येईल आणि तो कमी होतोय की नाही हे तीच तुम्हाला सांगेल.

रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन, बी-१२ आणि क्रिएटिनिनचे आकडे मला कळवा, आणि मेटफॉर्मिनशिवाय आणखी कुठली औषधं चालू आहेत तेही लिहा. तुमच्या गुरुवारी काय खायचं हे मग नेमकं सांगता येईल.